समुद्राची ओटी

सकाळी नऊच्या सुमारास धुरपदाबाईने समुद्राची ओटी भरली. बाकीच्या बायकांचा चहा होईपर्यंत ओटीतला नारळ वाळूवर परत आला होता.

झरी गावच्या बचत गटाची बस कोल्हापूरच्या देवीला निघाली होती. एक दिवस कोकणासाठी ठेवला होता. हे भूशिर ड्रायव्हर नागनाथने निवडलं. तीन बाजूंना पाणी, मध्ये झाडीने भरलेला डोंगर. धुरपदाबाई आली ती मुलासाठी. वैजीनाथ तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या फडातून निघून गेला होता. तो कोकणात मासेमारी बोटीवर दिसल्याचं गावातल्या एकाने सांगितलं होतं. बंदराचं नाव त्याला आठवत नव्हतं.

गंगाखेडला गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडलेली ओटी दिसेनाशी होईपर्यंत पुढे जाते. इथे तिने गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ पुन्हा सोडला. तो पुन्हा आला. खण मात्र आला नाही.

"खण ठिवला अन् नारळ दिला," शेजारीण बायनाबाई म्हणाली. "उलटाच कारभार हाय इथला."

नागनाथने भरती-ओहोटी समजावली. धुरपदाबाईने सगळं ऐकून घेतलं. "मंग ओटी पावली का न्हाई, ते सांग की."



टोपली घेऊन बसलेली मासेविक्रेती हसली. "दर्या बाप्या हाय, बाये. त्याला नारळ देतात. ओटी बाईची भरतात."

धुरपदाबाई गोंधळली. पाण्याची ओटी भरायची नाही, हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग तिने फोनमधला वैजीनाथचा फोटो दाखवला. बाईने तो उन्हाला आडवा हात धरून पाहिला. तुमच्याकडची पोरं बोटींवर बरीच आहेत, दाढ्या वाढल्या की सारखीच दिसतात, म्हणाली. बोटी संध्याकाळी येतील.

बस दुपारी निघणार होती. मुक्काम कोल्हापुरात होता, आणि बाकीच्या बायकांना थांबवायचं कसं, हे धुरपदाबाईला सुचेना. तिने ओला नारळ त्या बाईच्या टोपलीत ठेवला.

"आला तर देजो. माय येऊन गेली म्हनावं."

नागनाथने स्वतःचा नंबर त्या बाईला दिला.

परतीचा रस्ता झाडीतून वळणावळणाने चढत होता. समुद्र कधी डावीकडे दिसे, कधी उजवीकडे, आणि दोन्हीकडे बोटी होत्या. बायनाबाई खाली बस म्हणाली तरी धुरपदाबाई प्रत्येक वळणाला उठून बाजू बदलत राहिली.

नागनाथला अजून फोन आलेला नाही.