डब्यातले अठ्ठ्याहत्तर डेसिबल

मित्रांनो, माझा देह तुमच्या मुठीत मावेल एवढाच आहे, पण पोटात राग मात्र मावेनासा झाला आहे. आवाज मोजणारा मीटर म्हणतात मला. वय झाले, कोपऱ्यांचा रंग उडाला, क्लिप सैल पडली. या वयात शांत व्हावे म्हणतात. मी होणार नाही. माझी हकिगत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, माझा राग खरा की खोटा.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड कारखान्यात झाला. एक इवलासा कान, त्यावर काळ्या स्पंजची टोपी आणि आकडे दाखवणारा लहानसा पडदा, एवढाच माझा संसार. बाहेर पाठवण्याआधी माझ्या कानाशी एक शिट्टी वाजवली गेली. मी चौऱ्याण्णव दाखवले. शिट्टी चौऱ्याण्णव डेसिबलचीच होती, म्हणून मी पास झालो. त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकदाही खोटे बोललेलो नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्याच नावावर मोठे खोटे खपवले गेले.

मला एका महाविद्यालयाने आणले. तिथे एक मोठे संशोधन सुरू होत होते. भिवंडीतल्या यंत्रमागांचा खडखडाट कामगारांच्या कानांचे काय करतो, हे शोधायचे होते. त्यासाठी चार विभाग एकत्र आले होते. पत्र्याच्या छपरावरून आवाज कसा परततो ते भौतिकशास्त्राचे लोक बघणार होते. थोड्या आकड्यांवरून सगळ्या कारखान्याचा अंदाज गणितवाले बांधणार होते. मागांच्या पायांखाली बसवायच्या रबरी गाद्या अभियांत्रिकीवाले तयार करत होते, आणि कान तपासायला डॉक्टर होते. माझा आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला, तर त्या कारखान्याला गाद्या मिळणार आणि तिथल्या प्रत्येक कामगाराचे कान यंत्राने नीट तपासले जाणार. खाली राहिला, तर काहीच नाही. चाळीस-पन्नास माणसांचे कान माझ्या एका आकड्यावर! मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू.

पहिल्या दिवशी आम्ही चांगदेव शेठच्या कारखान्यात गेलो. मला घेऊन विनिता होती. ती संशोधन करणारी विद्यार्थिनी, कष्टाळू आणि कायम घाईत असलेली. सोबत प्रकल्पाचे प्रमुख देवेश सर होते. दार उघडले आणि अठ्ठेचाळीस मागांचा आवाज अंगावर आला. देवेश सरांनी दोन्ही कानांत बोटे घातली. विनिताला आत जाण्याची खूण त्यांनी कोपरानेच केली आणि ते गाडीत जाऊन बसले. मित्रांनो, ती बोटे मी विसरलेलो नाही. तुम्हीही विसरू नका.

आत पंढरी होता. पडघ्याजवळच्या एका गावातून येणारा, बावीस वर्षे माग चालवणारा माणूस. त्या कारखान्यात कोणी ओरडून बोलत नाही, कारण ओरडूनही ऐकू जात नाही. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघतात आणि बोटांनी खुणा करतात. पाणी हवे, धागा तुटला, शेठ आला, सगळे ओठांवर. विनिताने मला पंढरीच्या खांद्यावर, कानाजवळ अडकवले. तिच्या ओठांकडे बघत त्याने विचारले, "हे काय करतंय, मॅडम?"

"रिसर्चसाठी आहे, काका. महागाची मशीन आहे, नीट सांभाळा."

झाले! मी काय मोजतो, कोणासाठी मोजतो, कानाजवळच का अडकवला, यातले एक अक्षर कोणी त्याला सांगितले नाही. एका इंग्रजी कागदावर त्याची सही घेतली आणि विनिता पुढच्या कारखान्याला निघून गेली.

पंढरी मात्र शब्दाचा पक्का. सांभाळा म्हटले ना, मग सांभाळायचे! मागांमधून सुताचे तूस सारखे उडत असते, नाकातोंडात जाते, भुवयांवर बसते. ते माझ्या काळ्या टोपीवर बसायला लागले तसा तो अस्वस्थ झाला. पहिला दिवस नुसता सरावाचा होता. दुसऱ्या दिवशी, खरी मोजणी सुरू होताच, त्याने बायकोच्या, कमळाच्या, जुन्या लुगड्याचे फडके आणले. मला त्यात चार घड्या करून गुंडाळले, वर प्लास्टिकची पिशवी बांधली, स्टीलच्या डब्यात ठेवले, झाकण घट्ट लावले आणि डबा कोनाड्यात देवाच्या तसबिरीपाशी ठेवला. संध्याकाळी विनिता यायच्या आधी तो मला पुन्हा खांद्यावर अडकवायचा. कसलीही लबाडी नव्हती हो त्यात. परक्याची वस्तू जशीच्या तशी परत करायची, एवढीच त्याची रीत.

मी डब्यात बसून काय ऐकणार? जे आत आले, ते मोजले. अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्या दिवशी सत्त्याहत्तर. असे अकरा दिवस. फक्त एक दिवस कमळाने फडके धुतले आणि ते वाळले नाही. त्या दिवशी मी उघडा राहिलो आणि जीव तोडून खरे बोललो. नव्व्याण्णव!

त्या आठवड्यात डॉक्टरही येऊन गेले. कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर समोर बसून त्यांनी विचारले, "काका, ऐकू येतं ना नीट?" पंढरीने त्यांचे ओठ वाचले. "येतंय की," तो म्हणाला. डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली.

महाविद्यालयात माझे आकडे टेबलावर आले, तेव्हा मी शेजारीच पडलो होतो. "हा एकच दिवस वेगळा दिसतोय," देवेश सर म्हणाले. "मशीन पडलं-बिडलं असेल. काढून टाक." विनिताने नव्व्याण्णव खोडले. बारा दिवसांत मी एकदाच पूर्ण सत्य बोललो होतो आणि तेच नेमके कचऱ्यात गेले! उरलेल्या अकरा आकड्यांवर गणितवाल्यांनी मोठी देखणी रेषा काढली. शोधनिबंध छापून आला. चांगदेव शेठच्या कारखान्यातला आवाज सुसह्य असल्याचे त्यात लिहिले होते. सुसह्य! हातच्या कांकणाला आरसा कशाला? सर, तुमची बोटे होती ना तुमच्याच कानांत?

पुढे सत्कार झाला, शाल आणि नारळ झाले, मला टेबलावर फुलांजवळ मांडले. गाद्या दुसऱ्या कारखान्यात गेल्या. माझी रवानगी कपाटात झाली आणि तिथे मी सहा महिने धूळ खात पडलो.

मग एका मासिकाला फोटो हवा होता. मी खांद्यावर आणि पंढरी हसरा, असा. विनिता मला घेऊन रविवारी त्याच्या घरी गेली. मला बघून कमळा माहेरचे कोणी आल्यासारखी खूश झाली. लगबगीने आत जाऊन तिने तेच फडके आणि तोच डबा आणला.

"अशी उघडी कशाला ठेवलाव, ताई? डब्यासकट काढा की फोटो. यांनी कामावर येक दिस उघडी टाकली न्हाय हिला. येकदाच फडका वाळला न्हवता, तवा जीव लागत न्हवता यांचा."

विनिताने हातातला चहा खाली ठेवला. "कामावर असताना मशीन डब्यात होती?"

"मंग! तूस गेला असता ना आत."

तेवढ्यात मागच्या दारातून पंढरीच्या मुलीने, रुचिकाने, हाक मारली, "बाबा, भाकरी वाढली." पंढरी हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. कमळा सहज म्हणाली, "समोर येऊन बोल गो. ठावं हाय ना तुला, मागून न्हाय कळत त्यांना."

पंढरी तोवर विनिताचा चेहरा वाचत होता. तो घाबरला. "आमचा काय चुकला का, मॅडम?"

"नाही काका," विनिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी ती देवेश सरांपुढे उभी राहिली. सर चिडले. "छापून आलेलं मागे घ्यायचं? चारही विभागांचं हसं होईल. आणि एका डब्यासाठी?"

"सर, त्या दिवशी दारात तुम्ही कानांत बोटं का घातली होती?"

सरांनी हात पुढे करून तो शोधनिबंध मागून घेतला.

आम्ही पुन्हा मोजले. या वेळी विनिताने माझे तोंड पंढरीकडे फिरवले आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ त्याला सांगितला. अठ्ठ्याण्णव आले. चूक कबूल करणारे अर्धे पान छापून आले. त्यासाठी कोणी शाल दिली नाही. नव्या गाद्या बसल्या. पंढरीने मागावर हात ठेवला आणि थरथर कमी झाल्याचे खुणेने सांगितले. आवाज पाच-सहानेच उतरला, म्हणून कानांत घालायचे बोळेही सगळ्यांना मिळाले. पंढरीचे कान अखेर यंत्राने तपासले. गेले ते परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी त्याच्या समोर बसूनच सांगितले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी शास्त्रज्ञ व्हाल, कोणी डॉक्टर. आम्हा यंत्रांना जरूर जपा. पण ज्याच्या खांद्यावर आम्हाला ठेवाल, त्याला आमचे काम आधी सांगा. मला जपण्यात त्या माणसाने कसूर केली नाही. त्याला जपायचे मात्र सगळे विसरले, आणि त्याचाच मला अजून संताप येतो.

परवा कारखान्यात रघू नावाचा नवा कामगार आला. मला त्याच्या खांद्यावर अडकवले. तूस उडताना बघून त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्यावर टाकायला हात उचलला. पंढरी धावत आला. त्याने रुमाल बाजूला केला आणि ओठांनी बोलला. इतक्या दिवसांत ओठ वाचायची विद्या मीही शिकलो आहे.

"हिला ऐकू दे, भावा. माझा गेला. तुझा हाय अजून."