शॅननच्या कानावरून बोलतोय

मी शॅननच्या कानावरचा हेडफोन बोलतोय. पटलं तर ऐका, नाही तर तुमचे कान तुमच्यापाशी. माफी मागायला मी बोलत नाही, हे आधीच सांगतो.

कुठल्या मुलखात जन्मलो ठाऊक नाही. साच्यातून पडलो आणि खोक्यात गेलो. मालवणच्या बाजारात एका दुकानात खारी हवा खात लटकलो होतो, तिथून सेबॅस्टियनने उचललं. तो पर्यटकांना होडीतून फिरवतो. दिवसभर इंजिनाची धडधड, आणि घरी आला की टीव्हीवर लेकीच्या गेममधल्या बंदुका. "ह्या घाल कानार," तो शॅननला म्हणाला, "नि माका जरा पडाक दी."

नीट ऐका. पोरीला ऐकू यावं म्हणून मला आणलंच नव्हतं. घरच्यांना ऐकू येऊ नये म्हणून आणलं!

पोर बारा वर्षांची. गेममध्ये तिची टोळी, आणि माझ्या दांडीवरच्या माइकातून गप्पा. एक कुडाळचा, एक नागपूरची. हरायची, भांडायची, खिदळायची. सगळीच वाईट नसतात, उगाच बोंब मारू नका.

मग तो आला. आवाज थोराड, बोलणं कोंकणी. एकदा शॅननने पाणी प्यायला मला गळ्यात उतरवलं, तेव्हा तो आतून म्हणाला, "बाय, खंय गेलें गो?"

तिची आई जेसिंता बांगडे साफ करत होती. "कोण गो तो?"

"टीममधलो. मडगावचो."

"मगे आपलोच," म्हणाली आणि पुन्हा बांगड्यांत शिरली.

हीच या घराची खोड. हिंदी बोलणारा दारात आला तर त्याला ओट्यावर चढू देणार नाहीत. आपली भाषा बोलला की झाला सोयरा.

तो सोयरा आधी शाळा विचारायचा, मग घरात कोण कधी असतं ते. एक दिवस म्हणाला, "फोटो धाड. घरा सांगूं नाका."

"नाय," शॅनन माझ्या माइकात म्हणाली.

तो हसला. "भियेलें?"

"नाय म्हटलंय ना!"

मला कानावरून ओढून ती स्वयंपाकघरात गेली. "मम्मी, तूच बोल ह्याच्याशी." आणि सगळं सांगून टाकलं.

जेसिंताने खवल्यांच्या हातांनी मला डोक्यावर चढवलं. आमच्याकडे नव्या माणसाला घर, चर्च, बाप विचारतात तसंच तिने विचारलं, फक्त आवाज चढवून. "कोणाचो रे तू? इगर्ज खंयची? बापाशीचा नाव काय? माझी भैण मडगावात दिलेली आसा, आताच फोन लावून इचारतंय!"

 मग तो पळाला. शॅननने त्याला ब्लॉक करून तक्रारही टाकली.

"ह्या मी आधीच इचारूक होया होता," जेसिंता पुटपुटली.

संध्याकाळी सेबॅस्टियन आला. ऐकून लाल झाला. जाळं कापायची सुरी घेतली आणि माझी माइकाची दांडी मुळापासून छाटली. "ह्या तोंडान सगळो घोळ केलो!"

"तोंडान?" जेसिंता भडकली. "तेच्यातनाच ता पोर नाय म्हणाला. आपण दोघां खंय होतव तेवा?"

"तू गप रव!"

शॅननने मला उचललं, कानावर नीट बसवलं. "पप्पा, आता असो कोण परत इलो तर तेचा बोलणा माका ऐकाक येतला. नाय म्हणाक मात्र येवचा नाय."

सेबॅस्टियनने सुरी खाली ठेवली आणि मला तिच्या कानावरून काढून फ्रिजवर ठेवलं.

आता मी फ्रिजवर पडलोय, कान शाबूत, तोंड गायब. दुखतंय, पण लाज नाही. लाज कसली? या घरात पोरीचं ऐकायला मी एकटाच तर होतो.

मला टाकायचं तर खुशाल टाक, सेबॅस्टियन. दुसरा आण, तोंड असलेला. पण आणण्याआधी एकदा लेकीच्या शेजारी बस आणि एक डाव खेळ. हरशील. हर मेल्या, काय बिघडत नाही.