फोनवरची प्रुफं

फोनवर प्रुफं तपासायची कल्पना मैमुनाची. एरवी ती माझ्याकडे मलाझ भागात यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसायचो. पण रियाधवर इराकची क्षेपणास्त्रं पडायला लागली आणि तिचा नवरा हाशम म्हणाला, सुदानी माणसाची गाडी आता प्रत्येक चौकीवर थांबवतात, घराबाहेर पाऊल नको. सुदानचं सरकार इराकच्या बाजूला झुकलेलं. त्याचा जाब इथल्या सुदानी मास्तरांना आणि नर्सांना द्यावा लागत होता.

पुस्तक मैमुनाचंच. सुदानमधल्या कोर्दोफान प्रांतातल्या बायकांच्या गोष्टी तिनं गावोगाव हिंडून गोळा केलेल्या, आणि प्रत्येक गोष्टीला त्या भागातल्या विहिरींचा, दुष्काळाचा स्वतःचा अभ्यास जोडलेला. छापणार होती नैरोबीतली एक संस्था. नफा कमवायचाच नाही असं ठरवून बसलेली माणसं. आफ्रिकेतल्या अभ्यासकांचं, कथाकारांचं लिखाण देणग्यांवर छापायचं आणि ग्रंथालयांना जवळजवळ फुकट वाटायचं. प्रूफरीडर ठेवणं त्यांना परवडत नव्हतं. म्हणून त्यांचा नियम असा, की लेखकानं प्रूफ समोर घ्यावं आणि मूळ प्रत दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं वाचावी, स्वल्पविरामासकट. वाचणारा विषयातला नसावा. विषयातला माणूस पानावरचं सोडून डोक्यातलं वाचतो.

"म्हणजे तू अगदी योग्य," मैमुना म्हणाली होती.

"मला काही कळत नाही म्हणून?"

"आणि आवाज बरा आहे म्हणून, या उम्म शर्विल."

शर्विलची आई. शर्विलला आम्ही डिसेंबरातच नाशिकला मामाकडे पाठवलं होतं. मला कुणी जा म्हणालं नाही असं नाही, पण नवऱ्याला, गिरीशना, एकट्यानं साधा भातही लावता येत नाही, आणि बँकेनं त्यांना रजा दिली नव्हती. तेव्हा मी होते. विषारी वायूच्या भीतीनं बेडरूमच्या खिडक्यांना प्लॅस्टिक, फटींना चिकटपट्टी, टबात काठोकाठ पाणी, आणि फोनशेजारी मी इंग्रजीत टाइप केलेली मैमुनाची पानं.

त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मी वाचत होते, "विहीर तिसरी, स्वल्पविराम, पूर्वेकडून. उंट उजाडायच्या आत निघाले, स्वल्पविराम, पखाली झाकून. पूर्णविराम."

गिरीश दारात उभे. हातात खुबूज रोट्यांची पिशवी, चेहरा पांढरा.

"विभा, तू काय वाचतेयस ते ऐकतेस का?"

"नाही हो. ऐकलं की चुका होतात."

"तिसरी विहीर! पूर्वेकडून! उंट झाकून! सुदानी बाईला! युद्ध चालू आहे, फोन कोण ऐकत असेल..."

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत रिसीव्हरमध्ये बारीक खट् झालं. मग श्वास. मैमुनाचा नव्हे. तिचा श्वास मला ओळखू येतो, तिला दमा आहे. हा संथ होता, नाकातून येणारा, आरामात बसलेल्या माणसाचा.

मी फोन ठेवला. ठेवला कसला, टाकलाच.

"ती पानं टबात घाल," गिरीश म्हणाले. "जाळू नकोस, वास जाईल खालच्या मजल्यापर्यंत."

"शुक्रवारी हाशमचा मित्र जेद्दामार्गे नैरोबीला चाललाय. त्याच्याबरोबर प्रुफं गेली नाहीत तर ते लोक कागद दुसऱ्या पुस्तकाला देतील."

"आणि तिला उचलून नेलं तर? आपल्याला नेलं तर? शर्विलला काय सांगायचं, स्वल्पविरामासाठी गेले?"

पानं मात्र मी टबात घातली नाहीत, पिठाच्या डब्याखाली सरकवली.

गुरुवारी दिवसभर फोन वाजला नाही. करायची हिंमत मलाही झाली नाही. अंधार पडल्यावर वाजला.

"दोन गोष्टी राहिल्यात," मैमुना म्हणाली. "वाचणार का? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

मी तोंड उघडणार, तोच खट्. श्वास.

मैमुना अरबीत बोलू लागली, पण माझ्याशी नाही. सावकाश, एखाद्या थोरल्या भावाशी बोलावं तसं. मला समजलं ते एवढं: भाऊ, माझं नाव मैमुना, हाशमची बायको, माझं घर अमुक गल्लीत. आम्ही पुस्तक तपासतोय. हिंदुस्थानी बाईला यातलं काही ठाऊक नाही. विचारायचं ते मला विचारा.

पलीकडून उत्तर आलं नाही. फोनही ठेवला गेला नाही.

मी माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, "मी विभा. मलाझ." आणि इमारतीचं नाव सांगितलं. गिरीशनी कपाळावर हात मारला.

वाचायला सुरुवात केली आणि हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. गिरीशनी फोन वायरीसकट उचलला, मला दंडाला धरून बेडरूममध्ये नेलं. वायर दाराखालून आत आली, त्यामुळे दार नीट बंद होईना. चिकटपट्टी लावलेल्या खोलीत बरोबर वायरीएवढी फट. मला वाटलं, आता हे वायर ओढून काढतात. ते गुडघ्यांवर बसले आणि ओला टॉवेल वायरीभोवती दाबून दाबून भरत राहिले.

"वाच," म्हणाले. "लवकर आवर पण."

बाहेर कुठंतरी धडाका झाला, प्लॅस्टिक फुगलं आणि परत बसलं. मी "अवतरण चिन्ह सुरू" म्हणाले. मैमुना "हं" म्हणाली. शेवटच्या पानापर्यंत तो तिसरा श्वास आमच्यासोबत होता.

शुक्रवारी प्रुफं गेली. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"हाशमला बोलावलंय, आत्ताच गेला. इकामाचा परवाना घेऊन या म्हणाले."

"कुणी?"

"नाव सांगत नाहीत गं ते."

तिला फोन ठेवायचा नव्हता. मलाही नव्हता. तिच्या घरातला फ्रिज गुरगुरताना मला ऐकू येत होता. आमची डाळ करपली, मी उठले नाही. दुपारच्या बांगेनंतर तिकडे दार वाजलं. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज. पावलं. पुरुषाचा आवाज, मग दुसरा, की तोच? मी देवाचं नाव घेऊ लागले तर तेही धड आठवेना.

"आला," मैमुना परत आली तेव्हा तिचा दमा बोलत होता. "एकटाच आहे. महिनाअखेर देश सोडायचा. कफीलनं, त्याच्या मालकानं, सही केली. खलास."

फोनमुळे, की सुदानी असल्यामुळे, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मैमुना, मी..."

"रडू नकोस. नैरोबीवरूनच जाऊ आम्ही," ती म्हणाली. "छापखान्यात उभी राहून बघेन, कुठं चुकलीस ते."

मी हसले. मग फोन ठेवून तिथंच फरशीवर बसले.