दोन फ्यूज

काकांचा शर्ट बादलीत बुडवण्याआधी काकूंनी सवयीने खिसा चाचपला आणि हाताला दोन फ्यूज लागले. नवेकोरे, चांगले बोटभर लांब.

एक असता तर जादाचा म्हणून त्यांनी खिडकीत ठेवून दिला असता. पण दोन होते. जन्मभर गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसाशी संसार केला की काही गोष्टी न शिकता कळतात. अंगणात काकांनी हौसेने सजवलेल्या व्हॅनमध्ये आता दोन बॅटऱ्या होत्या. एक पुढची, इंजिनची. दुसरी मागच्या बाकाखाली, दिव्यापंख्यांसाठी. इंजिन सुरू झालं की जाड लाल वायरीतून मागची चार्ज व्हायची. त्या वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीला खेटून, एकेक फ्यूज हवा. वायर कुठे पत्र्याला घासली तर फ्यूज उडतो आणि गाडी वाचते. फ्यूजच नसला तर वायर तापून लाल होते आणि वरचा बाक पेटतो.

आणि त्या बाकावर आत्ता चिमणी बसली होती. काकूंची नात. आजोबांबरोबर आईला दवाखान्यातल्या कामावरून आणायला निघाली होती, गाडीची पहिली फेरी म्हणून नवा फ्रॉक घालून.

फ्यूज मुठीत धरून काकू उठल्या. त्या फोनकडे धावल्या, तर काकांचा फोन ओट्यावरच चार्जिंगला लावलेला. स्वारी बॅटरी चार्ज करत निघाली आणि फोन घरी! एरवी यावरून त्यांनी दोन दिवस चिडवलं असतं.

आता उरली लेक, चिमणीची आई. ती दवाखान्यात नर्स होती आणि केव्हापासून म्हणत होती, "आई, बाबांना एकदा दाखवून घेऊ." काकूंनी दर वेळी पांघरूण घातलं होतं. गॅस चालू राहिला, तर "थकलेत." स्वतःच्या जावयाला "आपण कोण?" विचारलं, तर "थट्टा करतायत." काका नावं विसरतील, रस्ते विसरतील, पण हात विसरायचे नाहीत, यावर त्यांची सगळी भिस्त होती. म्हणून तर चिमणीला पाठवलं. आपणच पाठवलं!

"बाबा पोचले का गं?" काकूंनी तिला फोन लावून विचारलं.

"हे काय, फाटकातून आत येतायत. का?"

"चिमणीला उतरव. आधी तिला उतरव, मग बोल. आणि इंजिन बंद करायला सांग."

"आई, झालंय काय?"

"बाबा विसरलेत," काकू म्हणाल्या. इतके दिवस गिळलेला शब्द अखेर तोंडातून निघाला.

मिळाली ती रिक्षा पकडून त्या निघाल्या. वाटभर त्या घरांच्या छपरांवरून धूर शोधत होत्या. लेकीने उतरवलं असेल ना? कडी अडकली असेल तर?

व्हॅन दवाखान्याच्या भिंतीशी उभी होती, दारं सताड उघडी. लांब झाडाखाली चिमणीला कडेवर घेऊन लेक उभी.

काका तणतणत आले. "पोरीला कशाला घाबरवलंस? चार्जिंग एक नंबर चाललं होतं."

"फ्यूज लावलेत?"

"ही काय विचारायची गोष्ट आहे?"

काकूंनी मूठ उघडली. फ्यूजचे वळ तळहातावर उठले होते.

काका हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यांनी बाक उचलला. लाल वायर थेट बॅटरीला जोडलेली होती. पत्र्याच्या भोकातून ती वर येत होती, तिथे बसवायची रबरी कडीही नव्हती. वायरीवरचं प्लॅस्टिक घासून निघालं होतं आणि आतलं तांबं चकाकत होतं.

"चाचणीपुरती थेट जोडली होती," ते म्हणाले. "मग लावले होते की गं मी. लावले होते ना?"

काकूंना ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. त्या नुसत्या शेजारी बसल्या.

काकांनी पेटीतून पाना काढला. लाल टोकाशी नेला, तिथून काळ्याकडे, पुन्हा लालकडे. काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी. हाताखालच्या प्रत्येक पोराला त्यांनी हे घोकून घेतलं होतं, आणि टॉर्च धरून उभ्या असलेल्या काकूंनी प्रत्येक वेळी ऐकलं होतं. टॉर्च जरा हलला की वर बोलणीही खायची: "हलवू नकोस, कुठे लक्ष असतं तुझं?"

पाना हवेतच थांबला. मग काकांनी तो काकूंपुढे धरला.

"तू कर. मी टॉर्च धरतो."

काकूंनी पुढे जाऊन इंजिनच्या बॅटरीची काळी वायर सोडवली, मग मागचीही, आणि पदर खोचून बाकाखाली वाकल्या. टॉर्चचा उजेड थरथरत होता. कधी वायरीवर पडायचा, कधी त्यांच्या मनगटावर, कधी नुसताच पत्र्यावर.

"नीट दिसतंय ना गं?"

"लख्ख दिसतंय," काकू म्हणाल्या, आणि अंधारात बोटांनी नट चाचपू लागल्या.