मुलगा बघायला तालमीत

आण्णांनी सतीशचा डावा कान दोन बोटांत धरला आणि कोवळं कणीस दाबून पाहावं तसा दाबला.

"दुखतं?"

"न्हाई."

"किती वर्सांचा कान हाय ह्यो?"

"आठ वर्सं झाली."

कुस्तीत फुटून, सुजून, शेवटी दगडासारखा झालेला कान. आण्णांनी तो सोडला आणि मानेकडे वळले. मागून अंगठा रुतवला, मग खांदा, मग दंड. बैलबाजारातला गिऱ्हाईक दात बघायच्या आधी असाच फिरतो, हे पायरीवर बसलेल्या बबनरावांच्या मनात आलंच असावं, कारण त्यांनी मांडी बदलली.

"पाव्हणं, शेपूट बी बघून घ्या," पप्पू म्हणाला. पप्पू सतीशचा जोडीदार, रोज त्याच्याच अंगावर सराव करणारा. तालमीत आणखी चार-पाच पहिलवान अंगाला माती लावून भिंतीशी उभे होते. ते हसले.

आण्णा हसले नाहीत. "जिभंला लई ताकद हाय तुझ्या. ती जरा मांड्यांत उतरव."

पप्पू भिंतीकडे सरकला.

आण्णा दौंडचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आणि एके काळी पाच तालुक्यांत नाव असलेले पहिलवान. त्यांची भाची रश्मी. तिचे वडील हयात नव्हते, त्यामुळे तिच्या लग्नात शेवटचा शब्द मामाचा. रश्मीला सतीश पसंत होता, तिच्या आईला घर पसंत होतं. गुरुवारी सुपारी फुटायची होती. पण आण्णांनी बहिणीला सांगितलं होतं, पहिलवानाचं स्थळ दिवाणखान्यात बसून, पोहे खात बघायचं नसतं. मी तालमीत जाऊन बघणार. आणि ते खरोखरच सकाळी मोटारसायकलवरून मांडवगणला येऊन उभे राहिले होते.

बबनराव सतीशचे वडील आणि या तालमीचे वस्तादही. त्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं.

"सप्त्याचा शेवटचा दिस हाय," ते म्हणाले. "देवळात काल्याचं कीर्तन लागलंय. सगळा गाव तिकडं, आन् आमी हितं तुमची तपासणी बघत बसलोय."

"मी बी कीर्तनच सोडून आलोय, बबनराव." देवळावरच्या कर्ण्यातून मृदंगाचा आवाज येत होता. आण्णांचं एक बोट मघापासून धोतरावर त्याच ठेक्यात हलत होतं. त्यांनी ते थांबवलं. "पुढं काय करनार हाय पोरगा?"

"पुढं म्हंजी?"

"वय सव्वीस. अजून चार वर्सं जत्रा. मग?"

"पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा निघत्यात," सतीश म्हणाला.

"निघत्यात. त्याला मॅटवरचं पदक लागतं. हाय?"

"जिल्ह्याचं हाय."

"राज्याचं?"

सतीशचा हात खांद्याकडे गेला.

"खांद्याचं दुखणं झालं हुतं त्या वर्षी," बबनराव म्हणाले. "न्हाईतर आणलंच असतं. तुमच्यासारखं रेल्वेनं घरी येऊन बोलवावं, तसा काळ ऱ्हायलाय का आता?"

"बसक्या मार," आण्णा सतीशला म्हणाले.

सतीशने शंभर मारल्या. दोरावर हातांनी चढून उतरला. पप्पूला खांद्यावर घेऊन कुस्तीच्या हौद्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. आण्णा प्रत्येक गोष्टीत खोट काढत गेले. डावा गुडघा आत वळतो. उतरताना घाई. दम चांगला, पण तोंडानं घेतो. भिंतीशी उभ्या पोरांचे चेहरे आवळत चालले होते. कुणीतरी पुटपुटलं, "म्हातारं सोता काय दिवं लावून आलंय कुणास ठावं."

ते आण्णांच्या कानावर गेलं. त्यांनी टोपी काढली, सदरा काढला, धोतर वर खोचलं आणि हौद्यात उतरले. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली.

"या पाव्हणं, माती मऊ हाय आमची," पप्पू म्हणाला. "लागायचं न्हाई."

"सतीश, ये," आण्णा म्हणाले. "खेळ माझ्यासंगं."

सतीशने वडिलांकडे पाहिलं. बबनराव म्हणाले, "जा. हौस फिटू दे."

हात हातात आले. पहिल्याच झटक्यात आण्णांना कळलं की समोर भिंत आहे. भाची शहाणी आहे, एवढंही मनात येऊन गेलं. त्यांनी मानेवर हात टाकला, ओढलं. पोरगा तसूभर हलला नाही. श्वास वर चढला. त्यांचं वय त्रेसष्ट, छातीत मागच्या वर्षी बसवलेली जाळी. दोघं खडाखडी करत अर्धा हौदा फिरले. सतीशच्या कपाळावर शीर उभी राहिली, दात आवळले गेले. मग तो पायाचा पट काढायला खाली घुसला, आणि घुसताना त्याचा उजवा हात एक क्षण मोकळा राहिला. आण्णांनी तो धरला, अंग वळवलं. सतीशने सोडवायचा जोर केला, पाय रोवला, पाय निसटला, आणि तो पाठीवर आला. दोन्ही खांदे मातीला लागले. त्याने तळहात जमिनीवर आपटला आणि क्षणभर छपराकडे बघत तसाच पडून राहिला.

पप्पूने टाळी वाजवली आणि सगळे हसायला लागले.

"चितपट! म्हाताऱ्यानं चितपट केला!"

बबनरावही पायरीवरून उठले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला होता. "बघा पाव्हणं. मान ठेवला का न्हाई पोरानं? वळण हाय ह्ये घराचं. आता तरी चहा घ्याल?"

आण्णा उभेच होते. छातीचा भाता चालू होता. ते सतीशकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आता सकाळची खोचक नजर नव्हती. दुसरंच काहीतरी होतं.

"मला ह्याच्याशी एकट्याशी बोलायचंय," ते म्हणाले.

"आता आनी काय ऱ्हायलं?"

"एकट्याशी."

बबनरावांचा चेहरा पुन्हा आवळला. "माझ्या तालमीतनं मलाच भाईर काढता व्हय?" पण मुलीकडचा माणूस होता. पोरांना पुढे घालून ते चहाचं सांगायला घराकडे गेले.

सतीश अंगावरची माती निपटत उभा होता. आण्णा हौद्याच्या कडेला टेकले.

"किती येळा?"

"काय, आण्णा?"

"पडलास."

"आत्ता? तुमी मोठं, म्हनून..."

"मोठ्याचा मान ठेवायला पडनारं पोरगं हसत पडतं. बुडावर बसतं. तू हरल्यागत पडलास. शीर फुगली, पाय निसटला, हात आपटलास." आण्णांचा आवाज चढला नव्हता. "मी तेसष्ट वर्साचा. मला वासरू पाडता येत न्हाई. ह्ये असं पडनं एका दिवसात येत न्हाई, बाबा. किती येळा?"

देवळात कीर्तनकारांनी काही विनोद केला असावा. कर्ण्यातून माणसांच्या हसण्याची लाट आली आणि ओसरली.

"दोनदा," सतीश म्हणाला.

"कुनी सांगितलं?"

"जत्रंतल्या कुस्त्यांच्या ठेकेदारानं. म्हनला, ह्या साली समोरच्याला जिकू दे, लोकं त्याच्यासाठी आल्यात. पुढच्या जत्रंत तुला पयल्या नंबरची कुस्ती देतो."

"दिली?"

"न्हाई. परत पडायला सांगितलं."

"आन् खांद्याचं दुखणं?"

सतीशने मान खाली घातली. "तिसऱ्या येळंला न्हाई म्हनालो. मग जत्रांचं, राज्याच्या निवडीचं, सगळीकडनंच बोलावनं बंद झालं. बाबांना काय सांगायचं? खांदा दुखतो म्हनालो."

आण्णांनी मातीचं ढेकूळ उचलून फोडलं, बारीक केलं, हौद्यात टाकलं.

"आण्णा, बाबा तीस वर्सं वस्तादी करत्यात. त्या दोन्ही कुस्त्यांना ते हौद्यापाशी बसलं हुतं. आत्ता बी समोर बसलं हुतं, मान राखला म्हनलं." सतीशने वर पाहिलं. "त्यास्नी कळलं न्हाई. तुमास्नी कसं कळलं?"

आण्णा उठले. सदऱ्याची बाही पहिल्या खेपेला सापडली नाही.

तेवढ्यात बबनराव चहाचा ट्रे स्वतःच घेऊन आले. मागोमाग पप्पू आणि बाकीचे.

"हं. सांगा निकाल. सगळ्यांम्होरं सांगा."

"हाडापेरानं पोरगा सोन्यासारखा हाय," आण्णा म्हणाले. "पन कुस्तीत पुढं ह्याचं काय न्हाई. सोडू द्या त्याला."

"काय म्हनालात?"

"कुस्ती सोडू द्या. सुपारीचं मी आज बोलत न्हाई. त्ये ठरवनारी दुसरी हाय."

बबनरावांनी ट्रे पायरीवर आदळला. चहा सांडला. "मान राखला त्याचं ह्ये फळ? त्यानं मनात आणलं असतं तर खांद्यावरनं भीमेपतूर फेकला असता तुमाला! जळता तुमी. तुमची माती झाली, म्हनून दुसऱ्याच्या पोराची माती करायला निघालाय. माळ घालून असलं काळीज!"

"बाबा," सतीश म्हणाला.

"तू गप! निघा पाव्हणं. अशा घरातली पोरगी बी नको आमाला."

"म्हातारं खुळं हाय," पप्पू म्हणाला. "आपन जिकलो असंच वाटतंय त्याला."

आण्णांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. हात तेवढे जोडले आणि बाहेर पडले.

सतीश लिंबाखाली मोटारसायकलपाशी मागोमाग आला. अंगावर माती तशीच.

"तुमी सांगनार रश्मीला?"

"न्हाई."

"मग?"

"तिला फोन लाव. आज सुट्टी हाय तिला कंपनीला."

"आत्ता?"

"सुपारीच्या आधी." आण्णा किल्ली शोधत होते. "फुटल्यावर जीभ उचलत न्हाई. आज सांगू, उद्या सांगू. पोरं हुत्यात. बायको दर दसऱ्याला कपाटातली गदा काढती, शेंदूर लावती, शेजारनींना दाखवती. त्या गदंला समोरचा बी तुझ्यागतच पडला हुता." किल्ली सापडली होती, पण ते खिसा चाचपतच राहिले. "चार वर्सं झाली तिला जाऊन. मुली येऊन शेंदूर लावत्यात आता."

सतीश त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने लंगोटावर गुंडाळलेल्या टॉवेलला हात पुसले, पप्पूला हाक मारून आतून फोन मागवून घेतला आणि झाडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा कानाशी धरला.

"हॅलो... रश्मी? न्हाई, हायेत अजून मामा. ऐक. मधी बोलू नको, आधी ऐक."

आण्णांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. हँडल धरून, पाय टेकत टेकत, ती जड गाडी ते हातानेच ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत घेऊन गेले.