खारं काँक्रीट

सूदाबे रस्तेगारला टोरोंटोत आलेला बत्तिसावा नकार निदान फोनवर तरी आला. आधीचे काही पत्रांनी आले होते, आणि बऱ्याच ठिकाणांहून तर तेवढंही आलं नव्हतं.

"तुमचा अनुभव दांडगा आहे हो," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण इथला नाही ना. आमच्याकडे हिवाळा असतो. उणे वीसमध्ये बांधकामाचं काय होतं, ते..."

"समजलं," सूदाबे म्हणाली. तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

ईरज, तिचा नवरा, नुकताच बेकरीतून आला होता. बंदर अब्बासला वीस वर्षं त्याने शाळेत भूगोल शिकवला. आता यंग स्ट्रीटवरच्या इराणी बेकरीत पहाटेपासून लांबलचक बरबरी रोट्या भट्टीत सारायच्या, हे त्याचं काम. भुवयांवर पीठ तसंच होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्हाला थंडी माहीत नाही."

"त्यात खोटं काय आहे, सूदाबे जान? परवा तू सपाता घालून कचरा टाकायला गेलीस. शेजारीण अजून विचारते, पाय जागेवर आहेत ना म्हणून."

तिला हसू आलं, पण ते काही टिकलं नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी नव्याने कुणाच्या दारात उभं राहायचं, हे तिला जड जात होतं. बंदर अब्बासच्या बंदरात सतरा वर्षं तिने धक्क्यांची दुरुस्ती केली होती. तिथे समुद्र खारा, वाराही खारा, आणि ते मीठ काँक्रीटच्या पोटात शिरून आतल्या सळया खायचं. कुठे किती खाल्लंय हे ओळखणं आणि पडायच्या आत सावरणं, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आणि त्या काळी ओंटारियो प्रांतात नियम असा होता की, इथल्या परवानाधारक इंजिनियरच्या हाताखाली वर्षभर काम केल्याशिवाय परवाना मिळायचा नाही. परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून परवाना नाही.

जानेवारीत एका छोट्या कचेरीने बोलावलं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. मालकीण लोर्ना मॅक्रे, पन्नाशीची, उंच, केस कापलेले, बोलायला सरळ. शहरातल्या जुन्या इमारतींची पार्किंग तपासायचं काम त्यांच्याकडे असायचं.

"आधीच सांगते," लोर्ना म्हणाली, "इंजिनियर म्हणून घेत नाहीये मी तुम्हाला. मदतनीस म्हणून घेतेय. वाल्देमार तपासेल, तुम्ही उतरवून घ्यायचं. चालेल?"

"चालेल," सूदाबे म्हणाली. घरी जाताना बसमध्ये तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं की अपमानाचं हे तिचं तिलाच कळेना.

वाल्देमार बासष्ट वर्षांचा, बुटका, खांद्यांनी रुंद. पोर्तुगालच्या बेटांवरून चाळीस वर्षांपूर्वी आलेला गवंडी. पहिल्याच दिवशी त्याने तिचा बायोडेटा कुठूनतरी वाचला होता.

"या, इंजिनियरबाई. तुमच्याकडे बर्फ पडतो का?"

"नाही."

"मग पडतं तरी काय?"

"ऊन. खाली पडलं की उठत नाही असं."

तो खो खो हसला. पण 'इंजिनियरबाई' काही सोडलं नाही. त्यात टोमणा होता, आणि तो तिला रोज थोडा टोचायचा.

ती दोघं एका तळघरात उतरली. वरून आलेल्या गाड्यांच्या चाकांतून करडा चिखल गळत होता. जिथे तो सुकला होता तिथे जमिनीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. सूदाबेने वाकून एका रेघेवर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

"अहो, अहो!" वाल्देमार ओरडला. "भूक लागली असेल तर माझ्या डब्यात सँडविच आहे!"

"मीठ आहे हे."

"मग? बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात. गाड्यांना लागून खाली येतं. दर हिवाळ्यात."

सूदाबे तशीच उभी राहिली. समुद्र इथून शेकडो मैल लांब, आणि तिचा जुना वैरी गाड्यांच्या चाकांना चिकटून थेट तळघरात येऊन बसला होता. तिला इतका आनंद झाला की, तिची तिलाच लाज वाटली. दुसऱ्याच्या घरात आजार पाहून वैद्याने खूश व्हावं, तसं झालं.

फेब्रुवारीत त्यांना एक अठरा मजली इमारत मिळाली. खाली दोन मजली पार्किंग. तीन दिवस वाल्देमार जमिनीवरून लोखंडी साखळी ओढत फिरला. काँक्रीट धड असलं की साखळी छनछन वाजते. आत पापुद्रा सुटला असला की आवाज पोकळ येतो. तो सांगायचा, ती नकाशावर उतरवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कागद ठेवायला कोपरा शोधत उताराखाली गेली. वरच्या मजल्यावरून गाड्या खाली यायच्या त्या उताराखाली रहिवाशांच्या सामानाचे जाळीचे कप्पे होते. जुनी सायकल, गाद्या, नाताळचं प्लास्टिकचं झाड. वरची तुळई नव्या पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. त्या रंगात एक बारीक रेघ होती, अगदी सरळ, आणि तिच्या टोकाला चहा सांडावा तसा तपकिरी डाग.

अशी रेघ सूदाबेने पूर्वी एकदा पाहिली होती. सोळा वर्षांपूर्वी, धक्क्याच्या कडेला. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, रंग उडालाय, दुसरं काही नाही. ती तेव्हा नवीन होती. तिने पुन्हा विषय काढला नाही. चार महिन्यांनी भर दुपारी ती कड कोसळली आणि क्रेन चालवणाऱ्या गुलामअली नावाच्या माणसाचा पाय गुडघ्यापासून गेला. त्याच्या बायकोने तिला कधी बोल लावला नाही. तेच तिला सोसवायचं नाही.

तिने वाल्देमारची हातोडी उचलली, शिडीवर चढली आणि तुळईवर ठोकलं. आवाज पोकळ नव्हता. भिजलेल्या गादीवर धपाटा मारावा तसा मेलेला होता.

"वाल्देमार, जरा इकडे या."

"ती जागा आपल्या कामात नाही. करारात नाही."

"नुसता आवाज ऐका."

तिने पुन्हा ठोकलं. वाल्देमारने डोक्यावरची टोपी काढली. मग तिच्या हातातून हातोडी घेऊन स्वतः तीन ठिकाणी ठोकलं.

लोर्नाला फोन लावला, तर ती वैतागली. "गुरुवारी अहवाल द्यायचाय, सूदाबे. इमारतीच्या व्यवस्थापकाने ती तुळई आपल्याला तपासायला दिलीच नव्हती. उद्या चुकीचं निघालं तर हे गिऱ्हाईक गेलं."

"मी चुकले तर मला काढून टाका."

"तुम्हाला काढून माझं गिऱ्हाईक परत येणार आहे का? खात्री किती आहे ते सांगा."

सूदाबेने क्षणभर विचार केला. इथे येऊन सहा महिने ती प्रत्येक वाक्य 'कदाचित'ने सुरू करायला शिकली होती. इथे तसंच बोलतात, असं तिला वाटायचं.

"तुम्ही आत्ता गाडी घेऊन आलात," ती म्हणाली, "तर मी तुम्हाला त्या उतारावरून खाली येऊ देणार नाही. आडवी उभी राहीन."

वाल्देमारने तिच्या हातातून फोन घेतला. "लोर्ना, ऐक. चाळीस वर्षं मी हे आवाज ऐकतोय. मी पण तिच्या शेजारी उभा राहीन."

तासाभरात लोर्ना आली. गाडी बाहेर रस्त्यावर लावून पायी खाली उतरली. तिने ठोकून ऐकलं आणि व्यवस्थापकाला बोलावलं. तो इस्त्रीच्या कोटातला माणूस, आल्या आल्या तडकला.

"गेल्या उन्हाळ्यातच रंगवलीय ती! आणि या बाई कोण? मदतनीस ना? मदतनिसाच्या सांगण्यावरून मी तुळई फोडू?"

"यांच्या नाही, माझ्या सांगण्यावरून फोडायची," लोर्ना म्हणाली. "परवाना माझा आहे. वाल्देमार, घे."

वाल्देमारने छिन्नी लावली. पहिल्या घावाला रंगाचे टवके उडाले. दुसऱ्या घावाला ताटाएवढा तुकडा आपसूक सुटून खाली आदळला. आत चार सळया होत्या. अंगठ्याएवढ्या जाड असायच्या त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या होत्या, आणि एक तर मधोमध तुटलेली. गंजाचे पापुद्रे झरझर खाली पडत राहिले. वर, त्याच वेळी, एक गाडी उतारावरून घरंगळत गेली. चौघंही छताकडे बघत राहिली.

व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळालं. "उतार बंद करा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

संध्याकाळपर्यंत उतार बंद झाला आणि दुसऱ्या सकाळी लोखंडी टेकू लागले. पण सत्तरएक घरांच्या गाड्या बर्फात रस्त्यावर आल्या, आणि शिव्या खायला दारात कोण, तर सूदाबे. गाऊनवर कोट चढवून आलेल्या एका म्हातारीने तर तिला अर्धा तास धारेवर धरलं. "इतकी वर्षं उभी आहे इमारत! तुम्ही लोक येता आणि आमची झोप मोडता!"

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे सूदाबेने विचारलं नाही.

दुपारी वाल्देमारने ती तुटलेली सळई आणून टपालाच्या पेट्यांजवळच्या टेबलावर ठेवली. चिठ्ठी नाही, काही नाही. येणारा-जाणारा थांबायचा, उचलून बघायचा, पुन्हा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी आल्याच्या चहाचा थर्मास घेऊन खाली आली. "माझ्या नातीची गाडी रोज त्या उतारावरून जायची," एवढंच म्हणाली, आणि पेला भरून सूदाबेच्या हातात दिला.

आठवड्याने लोर्नाने तिला खोलीत बोलावलं. सूदाबेला वाटलं, संपलं. व्यवस्थापकाने तक्रार केली असणार.

"दार लावा. आणि मला एक सांगा," लोर्ना म्हणाली. "अहवालात तुम्ही लिहिलंय की रंगानेच घात केला. कसा?"

सूदाबेने कागद ओढला. आधीच मीठ प्यायलेल्या काँक्रीटवर जाड रंग दिला की ओल बाहेर पडत नाही, आत कोंडते, आणि गंज दुप्पट वेगाने धावतो. तिने चित्र काढलं, मग दुसरं, मग बंदरातल्या धक्क्यांची. कुठल्या खांबाला काय लावलं, काय टिकलं, काय फसलं. गुलामअलीबद्दलही सांगितलं. इथे कुणाला ते ती पहिल्यांदाच सांगत होती. दोन तास झाले. लोर्नाने मधे फक्त दोनदा प्रश्न विचारला.

"सतरा वर्षं तुम्ही हेच करत होता, आणि आम्ही इथले लोक तुम्हाला हिवाळा माहीत नाही म्हणत होतो," लोर्ना म्हणाली. "चूक झाली माझी." तिने खणातून एक अर्ज काढला. "परवान्यासाठी वर्षभराचं काम लागतं ना? तुम्ही आलात त्या तारखेपासून धरते. तुमचं नाव नीट लिहून द्या, मला अजून स्पेलिंग येत नाही."

"पण मी तर नुसतं लिहून घेत होते."

"तुम्ही काय लिहीत होतात ते वाचलंय मी."

सगळं काही एका दिवसात पालटलं नाही. परवान्यासाठी कायद्याची परीक्षा होती, बसचे दोन तास होते, आणि पगारही एकदम उडी मारून वर गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी वाल्देमारने 'इंजिनियरबाई' म्हटलं, तेव्हा त्यातला टोमणा कुठेतरी गळून पडला होता. तो म्हणायचं थांबला नाही, आणि तिलाही ते थांबायला नको होतं.

एप्रिल उजाडला. नवरोज या इराणी नववर्षाच्या तेराव्या दिवशी घरात बसायचं नसतं, म्हणून शहरातले सगळे इराणी पार्कात. झाडांच्या सावलीत अजून बर्फ होता. लोक कोट घालून चादरींवर बसले होते आणि कबाबांचा धूर सगळीकडे पसरला होता. सूदाबेने वाल्देमारलाही बोलावलं होतं. तो बायकोने केलेल्या अंड्याच्या गोड पेस्ट्र्यांचं खोकं घेऊन आला.

"या, या!" ईरज उभा राहिला. "जागा तुमचीच, कबाब तुमचेच, आमचं घरही तुमचंच."

वाल्देमार सूदाबेकडे वळून हळूच म्हणाला, "घर पण देतोय हा?"

"नाही हो. असं म्हणायची रीत आहे. तुम्ही तीनदा नको म्हणायचं."

"कबाबाला? मला एकदासुद्धा जमणार नाही."

आणि त्याने खरोखरच ताट पुढे केलं. ईरज इतका खूश झाला की, त्याने दोन शिगा जास्त वाढल्या. मग भूगोलाच्या मास्तराला राहवेना. तुमच्या बेटांवर ज्वालामुखी आहेत ना, म्हणून त्याने विषय काढला, आणि ते दोघे जमिनीवर काटकीने नकाशा काढत बसले.

ऊन कलल्यावर सूदाबेने नवरोजसाठी ताटलीत उगवलेले गव्हाचे कोंब घेतले आणि सगळे ओढ्याकडे निघाले. सरत्या वर्षाचं काय असेल ते वाहत्या पाण्यात सोडून द्यायचं. पण ओढा काठाला अजून गोठलेलाच. कोंबांचा हिरवा गठ्ठा धप्पकन बर्फावर पडला आणि तिथेच बसून राहिला.

"झालं!" ईरज म्हणाला. "आता वर्षभर हे इथेच."

आजूबाजूच्या चादरींवरचे लोकही हसायला लागले. सूदाबे काठावर गुडघ्यांवर बसली, कानाजवळचे केस मागे सारले आणि बोटाच्या पेराने बर्फावर टकटक केलं. एकदा, मग हातभर पलीकडे पुन्हा.

"इथे पातळ आहे," ती म्हणाली.

वाल्देमारने बरोबर तिथे टाच मारली. बर्फ कडकन फुटला, खालून पाणी वर आलं, गव्हाचा गठ्ठा हलला, एकदा गोल फिरला आणि प्रवाहाला लागला. वाल्देमारचा बूट मात्र घोट्यापर्यंत भिजला आणि तो आपल्या भाषेत काहीतरी जोरात बोलला.

"काय म्हणाला?" ईरजने विचारलं.

"ते काय आहे ते मी नाही सांगणार," सूदाबे म्हणाली, आणि त्याला कोरडे मोजे द्यायला चादरीकडे धावली.