शीग

आत्याने उभ्या जन्मात कुणाला सपाट माप दिलं नव्हतं. तीस वर्षं भावाच्या धान्याच्या दुकानात बसली, पण काठाच्या वर दाण्यांची शीग चढवल्याशिवाय मापावरचा हात काढला नाही. गिऱ्हाईक खूश, भाऊ कपाळाला हात लावायचा.

त्याच भावाची मुलगी चिऊ. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा. म्हणून डॉक्टरांनी दुहेरी उपचार धरला: ॲलर्जीला वेसण घालणारं अँटिबॉडीचं इंजेक्शन दर महिन्याला, आणि रोज शेंगदाण्याची पूड, कणाकणाने वाढवत एका छोट्या चमच्यापर्यंत नेलेली. वहिनी सकाळच्या पाळीला जायची, त्यामुळे पूड द्यायचं काम आत्याकडे आलं.

"चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा हं, ताई," वहिनी बजावायची.

तिची पाठ फिरली की शीग लागायची. औषधच ते, जरा जास्त गेलं तर पोर जरा लवकर बरी होईल, एवढंच आत्याचं गणित. चिऊला काही होतही नव्हतं. आत्याला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. गुण इंजेक्शनचा होता.

मग इंजेक्शन थांबलं. "चमचाभर तिला पचतंय, तेवढंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. आत्या शेजारीच बसली होती. खरं काय ते जिभेवर आलं होतं, पण वहिनीची बोलणी कोण खाणार? इतके दिवस पचलं, पुढेही पचेल.

दोन महिन्यांनी एका सकाळी चिऊने चमचा चाटला, दप्तर उचललं आणि म्हणाली, "आत्या, घसा खाजतोय." आत्याने अशा वेळेसाठी घरात ठेवलेलं तातडीचं इंजेक्शन मांडीत टोचलं, रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले होते.

तिसऱ्या दिवशीही चिऊचा श्वास यंत्रच घेत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "चमचा सपाटच होता ना?"

"ताई शब्दाच्या पक्क्या आहेत," वहिनी म्हणाली.

हे ऐकून आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शीग होती," ती म्हणाली.

"शीग म्हणजे?" वहिनीने कधी धान्य मापलं नव्हतं.

आत्याने हवेत चमचा धरल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हाताने त्यावर ढीग दाखवला.

"रोज?"

"रोज."

वहिनीने आत्याशेजारची आपली खुर्ची उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली.